दस्तगीरचाचांचा बिघाड

भोरच्या आमच्या गल्लीत कुकर लावायचा तर आधी दस्तगीरचाचांच्या दाराकडे बघावं लागे. कडीला लाल फडकं बांधलेलं असलं तर कुकर नाही, मिक्सर नाही, पोरांना हाका नाहीत आणि भाजीवालीशी घासाघीस तर नाहीच नाही. फडकं सुटलं की सगळ्या गल्लीच्या शिट्ट्या एकदम सुरू व्हायच्या. मी तिथे नवीन होते, शाळेत नुकतीच रुजू झाले होते, त्यामुळे पहिल्याच रविवारी मी हा नियम मोडला. डाळ शिजत होती, एक शिट्टी झाली आणि दारात एक सडपातळ, साठीला टेकलेला माणूस येऊन उभा राहिला. एसटीची जुनी खाकी पँट, खिशाला पेनाच्या जागी टेस्टर. चेहऱ्यावर इतकी काळजी, की मला वाटलं घरात कुणाला तरी दवाखान्यात न्यायचंय.

"बाई, अजून किती शिट्ट्या हायेत?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, दोन. ते म्हणाले, मग होऊ द्या, आमी थांबतो. आणि खरोखरच त्या दोन शिट्ट्या होईपर्यंत ते उंबऱ्याबाहेर उभे राहिले, मान हलवून आभार मानले आणि गेले. त्या डाळीला चव आली नाही, हे सांगायला नको.

चाचा एसटी डेपोत इलेक्ट्रिशियन होते आणि वर्षभरापूर्वी निवृत्त झाले होते. त्यांची आणि आमची भिंत एकच होती. त्यामुळे पुढची सात-आठ वर्षं मी त्यांचं संगीत ऐकलं, मनात असलं तेव्हाही आणि डोकं दुखत असलं तेव्हाही. साठीच्या माणसाचं संगीत म्हणजे पेटी, भजन, फार तर कव्वाली, अशी माझी समजूत होती. चाचा इलेक्ट्रिक गिटार वाजवायचे. गाणी स्वतः लिहायचे, मराठीत, आणि घरीच कॅसेटवर भरायचे. त्याला ते मोठ्या अदबीने 'आपलं रॉक' म्हणायचे. गल्लीतली जाणती मंडळी त्याला 'चाचांचं काम' म्हणायची, म्हणजे 'आज चाचांचं काम चालू आहे' असं. काम म्हटलं की त्रास सोसायला बरं पडतं.

त्यांच्याकडे दोन टेप होते आणि एक ॲम्प्लिफायर. आधी एका टेपवर नुसती गिटार भरायची. मग तो टेप खोलीत मोठ्याने लावायचा, त्याच्याबरोबर गायचं आणि दोन्ही मिळून दुसऱ्या टेपवर घ्यायचं. मग तो लावायचा आणि त्यावर आणखी काही. यात कुठल्याही फेरीला बाहेरचा आवाज शिरला, बकरी ओरडली, स्वयंपाकघरात भांडं पडलं, की सगळं मुसळ केरात. मग भिंतीपलीकडून तो शब्द यायचा, "पुन्हा." चढ्या आवाजात नाही, रागानेही नाही. परीक्षेत नापास झालेल्या मुलासारखा यायचा. बिघडलेलं ते ठेवत नसत. कॅसेट तिथल्या तिथे मागे घ्यायची आणि त्याच्यावरच नवीन भरायचं. एकदा मी म्हटलं, चाचा, राहू द्या की एखादं, काय बिघडतं. ते म्हणाले, डेपोत बाद झालेला पार्ट ठेवायचा नसतो, कुणीतरी चुकून तो परत गाडीला बसवतो.

टेबलावर एक उघडा बल्ब लोंबत असायचा. गाताना चाचांची नजर त्या बल्बवर. तो पिवळा पडला म्हणजे व्होल्टेज उतरलं, आणि व्होल्टेज उतरलं म्हणजे टेप हळू फिरणार. तेव्हा लोडशेडिंगने सगळ्यांचा जीव मेटाकुटीला आला होता. वेळापत्रक असायचं, पण ते पाळायची वीज मंडळाला सवय नव्हती. मी त्या माणसाला निवांत गाताना कधी पाहिलंच नाही. एक कान रस्त्याकडे, एक डोळा बल्बवर आणि कपाळाला सदा आठी.

दुसरी काळजी आवाजाची. रॉकला फाटका, खरबरीत आवाज लागतो असं त्यांचं म्हणणं, आणि देवाने त्यांना दिला होता बारीक, गुळगुळीत आवाज. तो फाटावा म्हणून त्यांनी नाही नाही ते केलं. बर्फ चघळला, मिरच्या खाल्ल्या, नदीकाठी जाऊन ओरडून पाहिलं. सर्दी झाली की गडी खूश. डोळे लाल, नाक गळतंय, आणि मला परसातल्या भिंतीवरून आनंदाने सांगायचे की बाई, घसा बसलाय, आज काम करून घेतो. दोन दिवसांत घसा सुटायचा आणि त्यांचं तोंड उतरायचं.

हे खूळ कुठून आलं, ते त्यांनी मला एकदा एसटीची वाट बघताना सांगितलं. डेपोत लागण्याआधी ते पुण्यात कॅम्पात एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात कामाला होते. एक केसाळ तरुण ॲम्प्लिफायर घेऊन आला, सांगितलं की वायर सैल झालीय, बघा. चाचांनी तो लावून पाहिला तर आवाज फाटून येत होता, नुसती घरघर. त्यांनी जीव ओतून तो अख्खा खोलला, फाटका आवाज गेला, सूर काचेसारखा स्वच्छ. संध्याकाळी तो तरुण आला, गिटार लावली आणि जवळजवळ रडायलाच लागला. त्याने मुद्दाम, महिनाभर खटपट करून तो आवाज फाडला होता.

"म्हनला, हा बिघाडच तर पायजे होता मला," चाचा सांगत होते. "मग म्या तो बिघाड परत घातला, बाई. घालताना वाजवून बघावं लागलं. त्या दिवशी जे कानात बसलं ते बसलंच."

त्याच चुकीने त्यांना पुढे वेल्ह्यात गाठलं. तिथल्या एका गणेश मंडळाला कुणीतरी सांगितलं की भोरला एक चाचा आहेत, गिटार वाजवतात. चाचा गिटार पोटाशी धरून नसरापूरला उतरले आणि गाडी बदलून वेल्ह्याला गेले. मंडप, माणसं, पुढे बायकापोरं, सगळं झकास. चाचांनी आपलं घाटाचं गाणं सुरू केलं. पहिला सूर घरघरत बाहेर पडला आणि नसरापूरहून आलेला मंडपवाला उडी मारून स्टेजवर चढला. त्याला वाटलं आपले स्पीकर फाटले. त्याने थेट मेन वायरच उपटली. मंडपात अंधार, बाप्पाही अंधारात. नंतर गैरसमज दूर झाला, पण तोवर लोकांनी सिनेमातल्या गाण्यांचा आग्रह धरला आणि चाचा दोन गाणी म्हणून परत आले. मला वाटलं होतं फार लागलं असेल. ते मात्र हसत होते. माझीच चूक मला परत भेटली, म्हणाले.

ते घाटाचं गाणं त्यांचं सगळ्यात लाडकं आणि सगळ्यात जास्त वेळा पुसलेलं. वरंध घाटात गाडी बंद पडली की डेपोतून चाचांना पाठवायचे. पावसाळ्यात, धुक्यात, दिवे गेलेल्या गाडीत बसलेली ती माणसं त्यांच्या डोळ्यांसमोरून हलत नसत.

गाडी बंद घाटात, धुकं आलं दाराशी
कोण येतंय खालून, बॅटरी कुणापाशी

एवढ्या दोन ओळी आम्हाला सगळ्या गल्लीला पाठ होत्या. पुढचं कधी पुरं व्हायचंच नाही. हे गाणं घाबरलेल्या माणसाचं आहे, माझ्या आवाजात ते सहलीला निघालेल्या माणसाचं वाटतं, असं चाचा म्हणायचे.

हलीमाचाचींचा आवाज मात्र गोड होता, आणि हे साऱ्या भोरला माहीत होतं. बारसं हिंदूंचं असो की मुसलमानांचं, पाळणा म्हणायला चाचींना बोलावणं असायचंच. भाकरी थापताना त्या गुणगुणायच्या आणि त्या गुणगुणण्याने चाचांच्या किती फेऱ्या बाद झाल्या असतील, मोजदाद नाही. "हलीमा, काम चालू हाये," एवढं ते म्हणायचे. चाची तोंडाला पदर लावून हसायच्या आणि गप्प व्हायच्या. त्यांचा आवाज टेपवर घ्यावा असं चाचांच्या कधी मनात आलं नाही. आपल्या गाण्यात साखर चालत नाही, हा त्यांचा ठाम विचार होता.

मग एका हिवाळ्यात चाचींच्या गळ्यात गाठ आली. पुण्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की काढावी लागेल. आवाजाची नस तिथूनच जाते, आम्ही जपू, पण आवाज बदलू शकतो, हे आधीच सांगून ठेवतो. चाची म्हणाल्या, ठीक आहे. चाचा मात्र तिथून आले ते वेगळेच होऊन आले. ऑपरेशनला आठवडा होता. त्या आठवड्यात त्यांना एकच ध्यास लागला. चाचींचा पाळणा टेपवर घ्यायचा, जसाच्या तसा, एकदा तरी.

चाची तयार होईनात. "वीस वरीस गप बस म्हनले," त्या मला म्हणाल्या, "आता गा म्हंत्यात. असं कुठं गाणं येतंय व्हय?" पण नवऱ्याचा चेहरा त्यांना बघवेना. शेवटी, सोमवारी पुण्याला निघायचं तर आदल्या रविवारी सकाळी त्या बसल्या. ईदची साडी नेसल्या होत्या. एकटीला लाज वाटते म्हणून मला शेजारी बसवलं. दाराला लाल फडकं. त्या दिवशी गल्लीने जी शांतता पाळली तशी मी पुन्हा कधी अनुभवली नाही. सगळ्यांना माहीत होतं काय चाललंय ते. समोरच्या काकूंनी तर नळाखाली पातेल्यात फडकं घालून ठेवलं होतं, थेंबाचा आवाज नको म्हणून.

पहिल्यांदा चाचींचा आवाज आकसला. पुन्हा. नंतर श्वास चुकला. पुन्हा. मग त्यांनी डोळे मिटले, माईक विसरल्या, आणि गायल्या. मी काय सांगू. त्यांच्या मुलीचा पाळणा होता तो, ती आता सासरी साताऱ्याला होती. मी पदराच्या टोकाशी चाळा करत होते, तो हात थांबला. चाचा बल्बकडे बघायचं विसरले. शेवटचं कडवं सरत आलं आणि वळणावर महाडच्या गाडीने हॉर्न दिला. लांबून, बारीकसा.

चाचांचा हात वर गेला. "पुन्हा," ते म्हणाले. कॅसेट मागे घेतली, बटण दाबलं. हे सगळं त्यांच्या हातांनी केलं, त्यांनी नाही, असं मला आजही वाटतं. इतक्या वर्षांची सवय. चाची परत गायल्या, पण आता घसा दमला होता, मध्येच खोकला आला. तरी त्या थांबल्या नाहीत, कसंबसं शेवटपर्यंत नेलं. त्याच वेळी बल्ब पिवळा पडत गेला, मग तांबूस झाला आणि गेला.

आम्ही तिघं तशीच बसून राहिलो. चाचा म्हणाले, येईल इतक्यात. लाइट दुपार टळल्यावर आली. त्यांनी टेप लावला. उतरत्या व्होल्टेजवर भरलेला तो आवाज आता पुऱ्या करंटवर चिरक्या सुरात पळत सुटला, भातुकलीतल्या पोरीसारखा. मधल्या खोकल्याचाही कसला तरी चिवचिवाट झाला होता. चाचांनी बटण बंद केलं.

"ही ती न्हाई," ते म्हणाले. आधीची, डोळे मिटून गायलेली चाची तिच्याखाली पुसली गेली होती, आणि ते त्यांच्या आत्ता ध्यानात आलं. चाचींना मात्र परत बसायचं त्राण नव्हतं. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने दोघं पुण्याला गेली.

गाठ साधी निघाली. त्या बाबतीत सगळ्यांनी सुटकेचा नि:श्वास टाकला. पण नसेला धक्का लागला होता. बोलायची परवानगी मिळाल्यावर चाचींच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून त्या स्वतःच दचकल्या. जाडा, चिरलेला, मध्येच तुटणारा. दोन-चार दिवसांत त्यांनी बोलणंच टाकलं. काही हवं असलं की चमच्याने पेल्यावर टकटक करायच्या. बारशाची बोलावणी यायची, त्या हाताने नाही म्हणायच्या. मला जवळ बसवून घ्यायच्या, लसूण सोलायला द्यायच्या, पण बोलायच्या नाहीत. मी बडबडी बाई, माझाच जीव घुसमटायचा.

चाचांनी दुरुस्तीचा ध्यास घेतला. मध, ज्येष्ठमध, वाफारे, गुळण्या. परत पुणे. डॉक्टर म्हणाले, आता बहुधा असाच राहील, त्यांना बोलू द्या. चाचा चाचींकडे नुसते बघत राहायचे आणि त्या बघत राहण्याची चाचींना जास्त भीती वाटायची. गिटारला खोळ चढली. लाल फडकं घडी होऊन कपाटात गेलं. गल्लीत आता कुणीही केव्हाही कुकर लावावा, पण लोक उगीचच हळू बोलायचे. चाचा दिवसातून तीनदा डेपोपर्यंत जाऊन यायचे, कशासाठी ते त्यांनाही सांगता यायचं नाही. एकदा मला म्हणाले, माझ्या हातानं पुसलं, बाई. मी काहीतरी बोलले, वेळच तशी होती वगैरे. त्याचा काही उपयोग नव्हता.

पावसाळ्याच्या तोंडाला त्यांनी सगळं विकायला काढलं. गिऱ्हाईक म्हणून आला तो वेल्ह्यात वायर उपटणारा नसरापूरचा मंडपवालाच. ॲम्प्लिफायर चालू करून दाखवा म्हणाला. मी आत चाचींजवळ शेंगा फोडत बसले होते. चाचांनी खोळ काढली, गिटार लावली, माईक जोडला. कितीतरी महिन्यांनी ती घरघर भिंतीत घुमली आणि चाची ताडकन उठल्या. मी त्यांच्या मागे. त्या बाहेरच्या खोलीत शिरल्या, टेबलाशी गेल्या आणि माईक अगदी तोंडासमोर आहे हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

"न्हाई इकायचं," चाची म्हणाल्या.

त्यांचा तो आवाज स्पीकरमधून दसपट होऊन, घरघरत, अख्ख्या गल्लीत गेला. समोरच्या काकू ओट्यावर आल्या. चाचींनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मंडपवाला स्पीकरला कान लावून म्हणाला, "चाचा, ह्यो फाटलाय वाटतं."

चाचांचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. ते चाचींकडे बघत होते, पण महिनोन्महिने बघायचे तसं नाही. "न्हाई," ते हळूच म्हणाले. "ह्यात काय बिघाड न्हाई." मंडपवाला चहा पिऊन रिकाम्या हाताने गेला.

दुसऱ्या दिवशी चाचा माझ्याकडे आले. उंबऱ्याबाहेर उभे, पहिल्या दिवसासारखेच काळजीत. जो आवाज मी जन्मभर शोधला तो हिच्याकडं आलाय, म्हणाले, पण हे तिला कसं सांगू? तिचं दुखणं, आणि मी खूश होतोय, असं वाटायचं तिला. तुमी बगा बोलून. मलाही तीच धास्ती होती. मी गेले, आढेवेढे न घेता सांगून टाकलं. चाची बराच वेळ लसूण सोलत राहिल्या. मला वाटलं आता ही बाई मला हाकलणार.

"सांगा त्यास्नी," त्या चिरलेल्या आवाजात म्हणाल्या. इतक्या महिन्यांत माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. "म्हणीन. पण त्यांनी 'पुन्हा' म्हनायचं न्हाई. म्हनायचंच झालं तर म्या म्हणीन."

फडकं परत दाराला लागलं. आतलं काय चाललंय ते कुणी विचारलं नाही. भिंतीतून कधी चिरलेला सूर यायचा, कधी नुसता खोकला, कधी भांडण. चाचींनी रडून गिटार बंद करायला लावलेलीही मी ऐकली आहे. हे काही एका दिवसात गोड झालं नाही.

त्यानंतर वर्षभराने माझी बदली झाली. सामानाचा टेम्पो गल्लीच्या तोंडाशी उभा होता आणि मी निरोप घ्यायला चाचांच्या दाराशी गेले तर लाल फडकं. कडी वाजवायची सोय नाही. खिडकी अर्धी उघडी होती. आत घाटाचं गाणं चाललं होतं, यावेळी दोन ओळींवर न अडता पुढे गेलेलं. चाची गात होत्या, उभ्या राहून, पदर कमरेला खोचून. धुक्यात अडकलेलं, कुणीतरी बॅटरी घेऊन येईल का म्हणून खाली दरीत बघणारं माणूस त्या आवाजात खरंच होतं. शेवटचं कडवं असावं.

तेवढ्यात टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. लांबलचक, कानात बसेल असा. मी तिथूनच त्याला थांबायला हात केला, पण झालं ते झालं होतं. खिडकीतून मला चाचांचा हात दिसला. गिटारच्या तारेवरून उचलला गेला होता, बटणाच्या दिशेने. बल्ब डोक्यावर भक्क पेटलेला होता, पण ते त्याच्याकडे बघत नव्हते. चाचींकडे बघत होते.

चाचींनी गाता गाताच मान हलवली. नाही.

हात परत तारेवर आला. मी भेटल्यावाचून निघाले. त्यांच्या गाण्यात माझ्या टेम्पोचा हॉर्न आहे, तो कुणी पुसलेला नाही.